चढावर बंद पडणारी पिकअप

एमटी शेडसमोर आपली पांढरी पिकअप पावसाळाभर अधूनमधून बॉनेट उघडून का उभी असायची, हे मला मेसपासून पालकभेटीच्या दिवसापर्यंत अनेकांनी विचारले. कोणी म्हणे इंजिन बसले, कोणी म्हणे डिझेलमध्ये रॉकेल सापडले. दोन्ही खरे नाही. दोष निघाला वीतभर लांबीच्या एका रबरी पाइपात. तो सापडायला जवळजवळ दोन महिने गेले आणि त्यातला निम्मा वेळ माझ्याच घाईमुळे वाया गेला. मराठी पानासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा म्हटले, हेच लिहावे. ऑटो छंदवर्गातल्या कॅडेटनी या कामात जे केले तेही नोंदले जाईल.

सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. नदीकाठच्या कॅम्पवर आठवीतल्या एका कॅडेटचा घोटा मोडला. त्याला मागे गादीवर झोपवून पिकअप वर निघाली. नदीपासून शाळेपर्यंत नऊ किलोमीटरचा सरळ चढ आहे, हे तिथून पळत आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चौथ्या वळणावर गाडीने दोन हिसके दिले, इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि इंजिन बंद पडले. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्याच फटक्यात सुरू. सातव्या वळणावर पुन्हा तेच. पावसात, ताडपत्रीखाली, मोडका पाय घेऊन ते पोरगे चाळीस मिनिटे जास्त पडून राहिले.

उशीर झाला एवढेच त्यातले वाईट नव्हते. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडले की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल नीट दाबले जाते, मग ते दगडासारखे कडक होते. स्टिअरिंगही जड होते. चढावर, मागे दरी, मागे माणसे. आमच्या ड्रायव्हर भाईजींनी गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि हेल्परला मागच्या चाकाला दगड लावायला सांगितले, म्हणून त्या दिवशी पुढचे काही घडले नाही.

स्कॅनर लावला. कोड आला पी००८७. त्याचा अर्थ, रेलमधला डिझेलचा दाब हवा तेवढा नाही. आजच्या डिझेल इंजिनात टाकीतले डिझेल आधी फिल्टरमधून येते, मग हाय प्रेशर पंप ते दाबून एका जाड नळीत भरतो. ती नळी म्हणजे कॉमन रेल. तिथून ते चारही इंजेक्टरना जाते. गाडी नुसती उभी चालू असेल तेव्हा रेलमध्ये साधारण अडीचशे-तीनशे बार दाब असतो; चढावर जोर लावला की तो हजार बारच्या वर जातो. एक बार म्हणजे ढोबळमानाने समुद्रकाठच्या हवेचा दाब. गाडीचा कॉम्प्युटर मागतोय हजार आणि मिळताहेत चारशे, असे झाले की तो आधी ताकद कमी करतो आणि दाब फारच पडला तर इंजिनच बंद करतो.

इथे पहिली चूक होते आणि ती मीही केली. कोड वाचून आपल्याला वाटते, दोष कळला. कोड फक्त दुखते कुठे ते सांगतो. रेलचा दाब पडायला फिल्टर तुंबलेला चालतो, टाकीतली जाळी तुंबलेली चालते, पंप झिजलेला चालतो, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परतीच्या नळीत सोडत असेल तर चालते, दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला चालतो, आणि दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलत असेल तरी चालते. कोड तोच.

मी फिल्टर बदलला. तो बऱ्यापैकी काळा होता. त्याच दिवशी सेन्सरही बदलून टाकला, कारण स्टोअरमध्ये होता. तीन आठवडे गाडी उत्तम चालली. मी जॉब कार्डवर लिहिले, ‘सेन्सर खराब, बदलला, ट्रायल ओके’ आणि खाली सही ठोकली. दोन वस्तू एकाच वेळी बदलल्यावर गुण कशाने आला हे सांगायचा मला काहीही अधिकार नव्हता. छंदवर्गात मी मुलांना हेच शिकवतो, हे विशेष.

ऑगस्टमध्ये गाडी पुन्हा बंद पडली. आता प्रकरण चिघळले. खालच्या एका वर्कशॉपने न उघडताच हाय प्रेशर पंप बदलायचे अंदाजपत्रक दिले, बेचाळीस हजारांचे. दुसरीकडे ऑफिसातून वेगळाच सूर निघाला. गाडी फक्त एकाच ड्रायव्हरच्या हाती बंद पडते, तेव्हा डिझेलमध्ये काही काळेबेरे असेल का, अशी लेखी विचारणा भाईजींना झाली. नदीच्या रस्त्याची ड्युटी बहुतेक त्यांच्याकडेच असते, हे कोणी पाहिले नाही. ते कंत्राटी ड्रायव्हर, चौदा वर्षे याच घाटात गाडी चालवलेला माणूस. कागद हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “साब, चढाई पे इसका दम घुटता है. मैं क्या करूं?”

तेव्हा आधी त्यांच्यावरचा संशय तपासला. फिल्टरच्या खालच्या नळातून डिझेल काचेच्या बाटलीत काढले आणि रात्रभर ठेवले. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके. पाणी नव्हते. मग हायड्रोमीटरने घनता मोजून तापमानाची दुरुस्ती केली आणि पेट्रोल पंपावर रोज लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहिली. जुळली. रॉकेल मिसळले असते तर घनता खाली आली असती. हा कागद मी ऑफिसला दिला. त्यांनी तो फाइलला लावला.

मग इंजेक्टर. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवले. जो इंजेक्टर आतून झिजला असेल त्याची बाटली लवकर भरते. चारही बाटल्या जवळजवळ एका रेषेत भरल्या. चार रिकाम्या बाटल्यांनी चार महागडे इंजेक्टर निर्दोष सुटले.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो, विशेषतः ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे त्यांना. जुन्या डिझेल इंजिनात चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट एकेक करून सैल करायचे आणि कोणता सिलिंडर मेला आहे ते आवाजावरून ओळखायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास होती. कॉमन रेलच्या गाडीवर हे कधीही करू नका. हजार बारची बारीक धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत डिझेल पसरलेले असते, आणि तसे झाले तर घरगुती उपाय न करता ताबडतोब सर्जनकडे जावे लागते. दाबाच्या नळ्यांची गळती बोटाने चाचपायची नसते, पुठ्ठा धरून बघायची असते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी ऑटो छंदवर्गाला काम दिले की गाडी आतापर्यंत जितक्या वेळा बंद पडली त्या प्रत्येक वेळी काय काय होते याचा तक्ता करा. भाईजींना विचारून सात घटना जमल्या. सातही चढावरच्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमधल्या. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. पण सातही घटना नदीच्या रस्त्यावरच्या होत्या, बाजाराच्या रस्त्यावरची एकही नव्हती. बाजाराकडून वर येणारा रस्ता नदीच्या रस्त्यापेक्षा जास्त उभा आहे आणि पिकअप रोज दूध-भाजी भरून तिथूनच येते. मग तिथे का नाही?

उत्तर नववीतल्या एका कॅडेटने शोधले. त्याने गाडीची कार डायरी मागवली आणि डिझेल भरल्याच्या नोंदी तक्त्याशेजारी लिहिल्या. पेट्रोल पंप बाजारात आहे. भाईजी बाजारात गेले की टाकी भरूनच वर येतात. नदीकडे जाताना मात्र टाकीत उरलेसुरले असते. सातही वेळा टाकी निम्म्याच्या खाली होती. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “सर, रस्ता नाही, काटा बघा.”

हे खरे की योगायोग, हे तपासायला काही खर्च नव्हता. टाकी भरून गाडी नदीवर नेली, मागे वाळूची पोती टाकली, दोनदा वर आणली. एकदाही हिसका नाही. मग पाव टाकीवर बाजाराच्या रस्त्याने वर आणली. तिसऱ्या वळणावर बंद. रस्ता सुटला, टाकीची पातळी अडकली.

टाकीत डिझेल कमी असल्याने नेमके काय बदलते? ज्यांच्या घरी विहिरीवर पंप आहे त्यांना हे लगेच समजेल. पंप विहिरीच्या काठावर असतो आणि पाणी खाली. पंप सक्शन पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन ते वर ढकलते. म्हणून कितीही ताकदीचा पंप असला तरी वरून ओढून तो दहा मीटरहून खोल पाणी काढू शकत नाही. प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच दमतो. आणि सक्शन पाइपाला बारीक भोक असेल तर काय होते? पाणी बाहेर गळत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने बाहेरची हवा आत शिरते. शेतकरी म्हणतो, पंप एअर घेतोय. पाइप वरून कोरडा ठणठणीत, आणि पंप मात्र नुसता फिरतोय.

आपल्या पिकअपमध्ये टाकीत मोटर नाही. हाय प्रेशर पंपाच्या पोटातच एक छोटा पंप आहे आणि तो टाकीतून डिझेल ओढून आणतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा मार्ग सक्शनचा. टाकीतली पातळी खाली गेली की डिझेल जास्त उंच ओढावे लागते. चढावर गाडीचे नाक वर होते, इंजिन टाकीपेक्षा आणखी वर जाते. दोन्ही मिळून फरक जेमतेम अर्धा मीटर. त्यात आपल्यासारख्या डोंगरावर हवाच विरळ. दोन हजार मीटरवर तिचा दाब समुद्रकाठच्या चार-पंचमांशच असतो. या मार्गावर कुठे बारीक भेग असेल तर तिला एवढी ओढ पुरते. शिरलेली हवा दाबाच्या पंपात पोचली की घोटाळा होतो. डिझेल दाबले तर फारसे आकसत नाही, म्हणून त्याचा दाब चढतो. हवा आकसते. पंपाचा दट्ट्या हवा दाबण्यातच आपली फेरी संपवतो आणि रेलचा दाब कोसळतो.

आता वाटते, मग पाइप बदलून टाकायचे. पण या विचारापर्यंत आम्ही आधीच एकदा आलो होतो आणि तो खोडून टाकला होता. सक्शनमध्ये हवा शिरत असेल तर नाक वर करून रात्रभर उभ्या ठेवलेल्या गाडीतले डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. आम्ही तशी उभी केली होती. सकाळी गाडी झटक्यात सुरू झाली. शिवाय पंपाच्या तोंडाशी रबरी पाइपाऐवजी पारदर्शक नळी बसवून शेडमध्ये इंजिन रेस करून पाहिले होते. एकही बुडबुडा नाही. तेव्हा मी फळ्यावर ‘हवा’ शब्दावर काट मारली होती. कॅडेटच्या तक्त्यानंतर ती काट पुसावी लागली.

चूक अशी की दोष चढावर, ओझे घेऊन होत होता आणि आम्ही तपासत होतो सपाटीवर, रिकाम्या गाडीत. मग पारदर्शक नळी तशीच ठेवून बॉनेटखाली माझा मोबाइल फोन तारेने घट्ट बांधला, शेजारी टॉर्च, आणि व्हिडिओ चालू करून पाव टाकीवर नदीचा चढ घेतला. वर आल्यावर दहा-बाराजण त्या लहानशा पडद्याभोवती जमलो. सरळ रस्त्यावर नळी स्वच्छ. वळणावर भाईजींनी दुसरा गिअर टाकून जोर दिला की बुडबुड्यांची बारीक माळ सुरू. चौथ्या वळणावर माळेचा फेस झाला, आणि लगेच हिसका. मुलांनी असा आरडाओरडा केला की ड्यूटी मास्टर शेडपर्यंत आले.

आता जागा शोधायची. आपल्या गाडीत फिल्टर चासीवर, ड्रायव्हरच्या पायांखाली आहे. पारदर्शक नळी तिथे, फिल्टरच्या पुढे लगेच बसवली आणि पुन्हा चढ घेतला. इंजिन अडखळले, पण इथली नळी स्वच्छ. म्हणजे टाकी, जाळी, मागचा पाइप आणि फिल्टर सगळे सुटले. हवा शिरत होती ती फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या दीड मीटरमध्ये. त्यातला बराचसा भाग लोखंडी नळीचा, आणि शेवटी चासीवरून इंजिनवर जाणारा रबरी पाइप, गिअरबॉक्सच्या घंटेमागे दडलेला.

सक्शनची भेग गळत नाही, मग तिला गळायला लावायचे. फिल्टरवर हाताने दाबायचा प्रायमर असतो. इंजिन बंद ठेवून तो दाबला की पुढच्या पाइपात दाब तयार होतो आणि आतले डिझेल भेगेतून बाहेर यायला हवे. खूप दाबला. पाइप कोरडाच. तेव्हा तोच कॅडेट गाडीखालून म्हणाला की व्हिडिओत इंजिन एका बाजूला उचलले जाताना दिसते. बरोबर होते. जोर लावला की इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर थोडे पिळते, आणि शेडमध्ये ते पिळत नाही. सम्पखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनची ती बाजू हळूच बोटभर वर घेतली आणि पुन्हा प्रायमर दाबला. पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लिपच्या काठाशी, डिझेलचा एक थेंब मोत्यासारखा उभा राहिला. जॅक सोडला, थेंब थांबला.

मग सगळ्या गोष्टी आपापल्या जागी बसल्या. इंजिन शांत असताना भेग मिटलेली असायची, म्हणून रात्रभर नाक वर ठेवूनही डिझेल उतरले नाही. नव्या फिल्टरनंतर तीन आठवडे गाडी बरी चालली, कारण फिल्टर भेगेच्या मागे आहे; तो तुंबलेला असताना पंपाला जास्त जोराने ओढावे लागत होते, नवा बसवल्यावर ओढ हलकी झाली. पुढे भेग वाढली आणि दुखणे परत आले. सेन्सरचा संबंधच नव्हता. जुना सेन्सर मी पुन्हा बसवून पाहिला, तो ठणठणीत निघाला.

पाइप बदलला, दोन्ही क्लिप बदलल्या, खर्च दोनशे रुपयांच्या आत. पण पाइप का फाटला, हे राहिले होते. इंजिनच्या त्या बाजूच्या माउंटिंगचे रबर बसून गेले होते, म्हणून इंजिन गरजेपेक्षा जास्त पिळत होते आणि प्रत्येक चढावर तो पाइप क्लिपच्या काठावर वाकवत होते. नुसता पाइप घातला असता तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हेच. माउंटिंगही बदलले.

सप्टेंबरच्या शेवटी पाव टाकीवर, वाळूची पोती घेऊन, पिकअप नदीचा चढ सलग पाच वेळा चढली. भाईजी पाचही वेळा स्वतः बसले, दुसऱ्या कोणाला चावी दिली नाही. मी जुन्या जॉब कार्डवरची ‘सेन्सर खराब’ ही ओळ एका रेघेने कापून शेजारी सही आणि तारीख टाकली. भाईजींना दिलेली लेखी विचारणा मागे घ्यायला ऑफिसला आणखी दोन आठवडे लागले. घोटा मोडलेला कॅडेट आता पुन्हा पळतो.

तो पाइपचा तुकडा छंदवर्गाच्या कपाटात ठेवला आहे. हातात घेऊन पाहा. सरळ धरला तर भेग दिसत नाही. थोडा वाकवावा लागतो.